दुतोंड्याचं लहान तोंड

बजाजनगरात माझ्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या आतल्या खोलीत, कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक पितळी बाजा आहे. पाहुण्यांनी विचारलं, हे काय, तर बायको म्हणते, ‘यांच्या भावाचं आहे’, आणि चहा ठेवायला निघून जाते. तिला त्यावर बोलायचं नसतं. मलाही नसतं. लिहिताना मात्र समोर कुणी नसतं, म्हणून जमतं.

या बाज्याला दोन तोंडं आहेत. फुंकायची जागा एकच, पण पुढं नळीला दोन वाटा फुटतात. एक मोठं तोंड, चांगल्या पातेल्याएवढं. त्याच्या बाजूला एक लहान, रॉकेलच्या नरसाळ्याहून थोडं मोठं. उजव्या हाताला नेहमीच्या कळा आणि डाव्या हाताला एक जादा कळ. ती दाबली की श्वास मोठ्या तोंडाकडं जायचा थांबतो आणि लहानातून बाहेर पडतो. मोठ्याचा आवाज भरदार, पोटातून आलेला. लहानाचा बारीक, पलीकडच्या गल्लीतून कुणी ओ द्यावी तसा. एका तोंडाच्या अशा बाज्याला बँडवाले युफोनियम म्हणतात. दोन तोंडांचा मी दुसरा पाहिला नाही. आजोबा त्याला दुतोंड्या म्हणत. माणसाला म्हटलं तर मारामारी होईल, पण आमच्या घरात ते लाडाचं नाव होतं.

आजोबांनी तो छावणीतल्या मोडीत निघालेल्या सामानातून आणला होता. त्याच सामानातले आणखी दोन बाजे आमच्या बँडच्या मालकानं घेतले. एक पाठमोऱ्या. त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून मागं वळलेलं. मागून चालणाऱ्या शिपायांना नीट ऐकू जावं म्हणून गोऱ्यांनी तो तसा केला असं आजोबा सांगत. आमच्याकडं मागून घोड्यावर नवरदेव यायचा. बाकीचा बँड नाचणाऱ्या पोरांसाठी वाजायचा, पाठमोऱ्या मात्र एकट्या नवरदेवासाठी, आणि त्याच्या नेमका मागं चालणारा झांजवाला शेवटी एका कानानं बहिरा झाला. दुसरा अजगर. तो हातात धरायचाच नाही, डोकं घालून अंगात घालायचा. अंगाभोवती वेटोळं आणि डोक्यावर तोंड. आमच्यात तो ज्याला होईल त्यानंच वाजवायचा असा नियम होता, म्हणजे बारीक माणसानं. जाड माणूस एकदा त्यात अडकला तेव्हा खोबरेल लावून सोडवला होता.

मी वाळूजला कारखान्यात प्रेसवर काम करायचो, अजून करतो. लग्नसराईत सुट्ट्या टाकून बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. घरचे म्हणायचे, पगार आहे ना, मग कशाला रस्त्यावर लाल कोट घालून फिरतोस? त्यांना काय सांगणार. हे बाजे नुसते बघायला मिळावेत म्हणूनही मी गेलो असतो. कुणीतरी कधीकाळी डोकं लढवून पितळेला असं वळवलं होतं, आणि ते वळण अजून आवाज देत होतं. आमच्या कारखान्यात दिवसाला ढिगानं पत्रा वळतो, पण त्यातून आवाज येतो तो फक्त आदळल्याचा.

बँडचं दुकान शहागंजात होतं. मालक चाचा, म्हातारे, पांढरी दाढी, रागावले तरी ‘बेटा’ म्हणून रागवायचे. त्यांचा एक कायदा होता. बाजा कुणाचाही असो, सीझन असो वा नसो, तो दुकानाच्या भिंतीवरच टांगायचा. घरी न्यायचा नाही. लग्नाची सुपारी द्यायला आलेले लोक भिंत बघूनच बँड केवढा ते ठरवायचे. ‘दीवार खाली दिखी तो पार्टी बाजू के दुकान में जाती,’ चाचा म्हणायचे. त्यामुळं दुतोंड्या आमचा असूनही त्यांच्या भिंतीवर राहिला. हे पुढं आम्हाला भोवलं.

दुतोंड्या वाजवायचा तो माझा मोठा भाऊ. दादा दिसायला किरकोळ, पण छाती भात्यासारखी. मला शिकवताना टोमणे मारायचा. माझा सूर जरा पडला की म्हणायचा, ‘वाजिव लेका, चहा गार करू नको.’ वरातीत तो इतरांसारखाच वाजवायचा. त्याची खरी वेळ पाठवणीची. तेव्हा आमच्या बँडमध्ये ढोल, झांजा, सगळे हात खाली घ्यायचे. एकटा दादा पुढं व्हायचा आणि आजोबांची चाल धरायचा. त्या चालीला शब्द नाहीत. मोठ्या तोंडानं एक ओळ, ती बापाची. मग डावी कळ दाबून तीच ओळ लहान तोंडानं, ती लेकीची. पण लेकीची ओळ अर्ध्यात सोडायची. पुन्हा बाप, पुन्हा लेक, पुन्हा अर्धीच. पोरगी गाडीत बसली आणि गाडी हलली की मगच लहान तोंडानं शेवटचं उत्तर पुरं करायचं. आमच्याकडची जुनी माणसं हे पाळत. ते उत्तर पुरं झाल्याशिवाय पोरीची आई जागची हलत नसे. पोरगी सुखरूप पोचली, असा त्याचा अर्थ.

या शहरातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या किती पोरी दादानं अशा पोचवल्या असतील. बायका रडायच्या, आणि दादा वाजवून झालं की पाठ करून उभा राहायचा. मला वाटायचं, हा पण रडतोय. तो पुडी सोडत असायचा.

ती गुटख्याची पुडी. बंदी आहे म्हणतात, पण टपरीवर मागायलाही लागत नाही, नुसतं उभं राहायचं. ‘पुडी तोंडात असली की पाय दुखत नाय,’ दादा म्हणायचा. ‘तुमी कारखान्यातली माणसं, खुर्चीवर बसून काम. तुमाला काय कळतंय?’ मी प्रेसवर आठ तास उभा असतो हे त्याला माहीत होतं. मी चिडायचो, हिसकावून फेकायचो, तो हसून दुसरी फोडायचा.

रोग आधी त्याला कळला नाही, दुतोंड्याला कळला. लहान तोंडाला ओठ घट्ट आवळून फुंकावं लागतं. एका लग्नात, पडेगावच्या पुढं, पाठवणीला लेकीची ओळ वर चढलीच नाही, फाटली. दादानं बाज्याकडं पाहिलं, जणू चूक त्याची आहे. नळी काढून झटकली, पुन्हा फुंकलं, पुन्हा फाटली. मग त्यानं उत्तर खालच्या सुरात संपवलं. लोकांना काही कळलं नाही. मला कळलं. घरी मी त्याला म्हणालो, तोंड उघड. त्यात दोन बोटंही जाईनात.

पुढचं सगळं दवाखान्यांचं आहे आणि ते मला सविस्तर लिहायचं नाही. डाव्या बाजूचा जबडा काढला. मांडीचं कातडं गालाला लावलं. मानेतल्या गाठी काढल्या, त्यात डाव्या हाताचं बळ गेलं. नाकातून नळी घातली, तिच्यातून वहिनी सिरिंजनं पातळ भात आणि दूध सोडायची. बोलणं गेलं. आवाज यायचा, पण त्याचे शब्द होत नसत. ज्या ओठांनी दोन माणसांचं बोलणं वाजवायचं, त्यांना पाणीसुद्धा आत ठेवता येईना. मी त्याच्यासमोर कधी रडलो नाही. कारखान्यात, प्रेसच्या आवाजात, खूपदा रडलो. तिथं कुणाला ऐकू जात नाही.

दवाखाना जवळ पडावा म्हणून दादा आणि वहिनी माझ्याकडं बजाजनगरात राहायला आले. त्यांची मुलगी एका मेडिकलवर कामाला होती, तीही आली. तिचं लग्न आधीच ठरलं होतं, वेरूळच्या मुलाशी. लेण्यांजवळ त्यांचं उपाहारगृह आहे, माणसं बरी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि आम्ही तारीख अलीकडं ओढली.

तारीख ठरली त्या दुपारी दादानं मला जवळ बोलावलं. पोरीकडं बोट केलं. मग माझ्याकडं. मग दोन्ही मुठी एकापुढं एक धरून बोटं हलवली, आणि शेवटी डाव्या हाताचं बोट, जेवढं हलत होतं तेवढं, दाबून दाखवलं. ती जादा कळ. पोरीच्या पाठवणीला मी दुतोंड्या वाजवायचा. मी म्हणालो, ‘दादा, मला नाय जमणार. मी ट्रम्पेटवाला.’ त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. पूर्वी मारायचा तशीच.

दुतोंड्या आणायला मी त्याला स्कूटरवर मागं बसवून शहागंजला गेलो. येऊ नको म्हटलं तर ऐकेना, तोंडाला रुमाल बांधून निघाला. चाचा दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि दुकान त्यांचा मुलगा चालवत होता. आम्ही बऱ्याच महिन्यांनी जात होतो. भिंत रिकामी होती. एकही बाजा नव्हता, नुसते खिळे. दुकानात स्पीकरची खोकी. मुलगा धावत बाहेर आला, दादाच्या पाया पडला, त्याचं तोंड बघून डोळे पुसले. मग म्हणाला, ‘आओ, तुमारा बाजा दिखाताऊँ.’

दुकानामागं त्याची डीजेची गाडी उभी होती. स्पीकरच्या भिंतीवर, ड्रायव्हरच्या डोक्याच्या बरोबर वर, दुतोंड्या लोखंडी पट्ट्यांनी बांधला होता. मोठ्या तोंडात लाल दिवा, लहान तोंडात निळा. मुलानं बटण दाबलं. दोन्ही दिवे लुकलुकायला लागले, आधी लाल, मग निळा, पुन्हा लाल.

‘बाकी सब अब्बा के बाद भंगार में गए,’ तो म्हणाला. ‘ये नक्को बोला मैं. ये दादा का है, इज्जत से लगाया. अब पूरे शहर को दिखता ना.’

पाठमोऱ्या गेला होता. अजगरही. वजनावर, कापून. मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण त्याच्या चेहऱ्यावर खरंच अभिमान होता. त्यानं दुतोंड्याला चकाचक ठेवलं होतं. चूक झालीय हे त्याला समजेना. दादा वर बघत उभा राहिला. मग त्यानं रुमालाआडून एक आवाज काढला. मला वाटलं त्याला त्रास होतोय. तो हसत होता.

बाजा खाली काढला तेव्हा भोकं दिसली. दिव्यांच्या वायरी तोंडातून लोंबू नयेत म्हणून पोरानं दोन्ही तोंडांच्या गळ्याला मागून ड्रिल मारलं होतं. मी फुंकून पाहिलं. मोठ्यातून घोगरा आवाज आला. लहानातून नुसती हवा.

तांबटाकडं नेला. मोठ्याचं भोक त्यानं डाग देऊन पक्कं बुजवलं. लहानाला त्यानं नखानं टिचकी मारली आणि मान हलवली. ‘घासून घासून पत्रा कागदावानी झालाय. आच दिली तर फाटंल.’ दर दसऱ्याला दादा त्याला चिंच आणि राख लावून घासायचा. लहान तोंड जास्त, कारण तिथं बोटांचे डाग पडायचे. शेवटी तांबटानं त्या भोकावर दुकानात मिळतं ते भेगा बुजवायचं लांबीचं सिमेंट दाबून बसवलं. म्हणाला, लग्नापुरतं चालेल, ऊन लागू देऊ नका.

मग माझी शिकवणी सुरू झाली. बजाजनगरात रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात. पहिल्याच दिवशी शेजारी बनियनवर भांडायला आला, आणि त्याचं बरोबर होतं. म्हणून मी कामावरून आलो की आम्ही दोघं कंपनीच्या भिंतीजवळच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. दादा बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. बोलता येत नव्हतं, तर त्यानं माझ्या हाताचाच बाजा केला. मी वाजवायचो आणि तो माझ्या दंडावर बोटं दाबून कळा सांगायचा. चुकलं की चिमटा. डावी कळ उशिरा दाबली की जोरात चिमटा. माझा दंड हिरवानिळा झाला होता. लेकीची ओळ पहिल्यांदा नीट वर चढली त्या दिवशी त्यानं चिमटा काढला नाही, बोटं तशीच ठेवली. मला तेवढं पुरे झालं.

लग्न वेरूळ रोडवरच्या मंगल कार्यालयात लागलं. नवरदेवाकडच्यांनी डीजे सांगितला होता, तो नेमका चाचांच्या मुलाचा निघाला. गाडीच्या कपाळावर दुतोंड्याच्या जागी नुसत्या लोखंडी पट्ट्या राहिल्या होत्या. दादा दिवसभर रुमाल बांधून कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता. लोक येऊन नमस्कार करायचे आणि लवकर निघून जायचे. अक्षता टाकताना तो उभा राहिला, मग पुन्हा बसला.

पाठवणी भर दुपारी आली. नवऱ्याकडच्या पोरांना नाचायचं होतं. मी बाजा घेऊन पुढं झालो तेव्हा माझ्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. चाचांच्या मुलानं दादाला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि स्वतःच गाणं बंद केलं. पोरं ओरडली. त्यानं त्यांना दटावलं, ‘चुप बैठो, बाप बाजा सुनताय.’

मी बापाची ओळ धरली. आवाज मोकळ्या आवारात चांगला पसरला. मग डावी कळ दाबली, लेक बोलली, अर्ध्यात थांबली. बायका गोळा झाल्या. म्हाताऱ्यांना चाल ओळखू आली, एक-दोघींनी पदर डोळ्याला लावला. वहिनी पोरीला घेऊन पायरीवर आली. पुन्हा बाप. पुन्हा लेक, आणि त्या ओळीच्या मध्यावर उन्हानं सिमेंट सुटलं. खपली पडावी तशी ती गुठळी माझ्या पायापाशी पडली आणि लहान तोंडातून फुस्स झालं.

मी थांबणार, तेवढ्यात दादा आला. कसा चालत आला ते मी पाहिलं नाही. माझ्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून, आणि उजव्या हाताचा अंगठा त्यानं लहान तोंडाच्या भोकावर दाबला. मी फुंकलं. लेक पुन्हा बोलली. आम्ही दोघं मिळून वाजवत होतो. मी श्वास देत होतो, तो भोक झाकत होता, आणि त्याचा श्वास नाकातल्या नळीच्या कडेनं शिट्टी घालत माझ्या कानाशी चालला होता. मला फार बरं वाटलं. त्या सगळ्या वर्षात तेवढ्यापुरतंच.

पोरगी पाया पडत आली. आधी आईच्या, मग इतरांच्या, मग बापाच्या. वाकली आणि वाकूनच राहिली. आमच्यात मोठ्यानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय उठत नाहीत. दादाचा डावा हात लोंबत होता, आणि डाव्या हातानं आशीर्वाद देतही नाहीत. उजवा भोकावर होता. मी लेकीच्या ओळीत होतो. थांबायला हवं होतं का? थांबलो असतो तर गाणं मोडलं असतं, आणि दादाला ते नको होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काहीच केलं नाही, वाजवत राहिलो.

दादानं अंगठा उचलला आणि हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. लहान तोंड गप्प झालं.

तिला वाटलं असावं की लेकीची ओळ तिथंच सोडायची असते. ती उठली, बापाच्या छातीला टेकली, मग तिला गाडीकडं नेलं. दादा तिच्या मागं चार पावलं गेला आणि तिथंच उभा राहिला. दार लागलं. गाडी हलली. आता शेवटचं उत्तर. मी कळ दाबली आणि दादाकडं पाहिलं. त्याची पाठ माझ्याकडं होती. हात अजून अर्धा वर होता, पोरीच्या डोक्यावर होता तसाच. त्याला हाक मारणं मला जमलं नाही. मी स्वतःचं बोट ठेवायला गेलो तर कळ सुटायची, कळ धरली तर बोट पोचायचं नाही. मी फुंकलं, नुसती हवा आली. मग कळ सोडून दिली आणि उत्तर मोठ्या तोंडानं पुरं केलं. बापाच्या आवाजात. वहिनी मान वर करून ऐकत होती. संपल्यावरही ती बराच वेळ पायरीवरून हलली नाही.

दादा दसऱ्याच्या आधी गेला. चाचांच्या मुलानं विचारलं, मयतीला बाजा वाजवायचा का? मी नको म्हणालो. दुतोंड्या त्या वर्षी घासला नाही. आता काळपट झालाय. भोक तसंच आहे. तांबटाकडं पुन्हा न्यायचं मनात येतं आणि राहून जातं.

पोरगी दिवाळीला माहेरपणाला माझ्याकडंच आली. तिला सहावा महिना होता. कपाटावरची चादर काढून तिनं दुतोंड्या मांडीवर घेतला, लहान तोंडावरून हात फिरवला. तिचा अंगठा भोकावर आला आणि तिथंच थांबला.

‘काका, त्या दिवशी गाडीच्या काचा बंद होत्या,’ ती म्हणाली. ‘मला शेवटचं ऐकू आलं नाय. पप्पांनी उत्तर पुरं केलं होतं ना?’

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘केलं होतं.’